‘ताई, कुणाला सांगू नका ना’

पत्र थोडक्यात असं: वाचक ठाण्यातल्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या मोठ्या दुकानात फ्लोअर मॅनेजर आहेत. वय बेचाळीस, या धंद्यात चौदा वर्षं, हाताखाली बावीस मुलंमुली. तीन आठवड्यांपूर्वी, सेलच्या शेवटच्या दिवसांत, एकोणीस वर्षांची एक मुलगी क्लोजिंगनंतर त्यांच्यापाशी आली. ती एका ब्रँडची प्रमोटर आहे, एजन्सीच्या रोलवर, टिटवाळ्याहून येते. माल काढायला गोडाऊनमध्ये गेलं की तिथला इनचार्ज मागे येऊन उभा राहतो, दोनदा कमरेला हात लावला, एकदा रॅकच्या मधल्या बोळात वाट अडवली, आता रात्री मेसेज पाठवतो, असं तिने सांगितलं. रोज ‘मॅम’ म्हणणारी ती मुलगी शेवटी म्हणाली, ‘ताई, कुणाला सांगू नका ना. घरी कळलं तर नोकरी सोडायला लावतील.’

वाचकांनी नाव न घेता स्टोअर मॅनेजरांच्या कानावर घातलं. त्यांनी कोण ते लगेच ओळखलं. ‘ती आपली स्टाफच नाही. एजन्सीला सांगून बोरिवलीच्या शाखेत पाठवू, विषय संपला. माणूस अकरा वर्षं इथे आहे, त्याला दोन मुली आहेत. गोडाऊनमध्ये कॅमेरा नाही, पुरावा काय देणार?’ असं त्यांचं म्हणणं. वाचक विचारतात: ‘मुलीला दिलेला शब्द मोडू का? त्या माणसाने माझ्याशी कधी वाकडं वर्तन केलेलं नाही, मग खरं काय ते मी कसं ठरवू? बदलीत सगळ्यांनाच कमी त्रास नाही का? आणि एक गोष्ट झोपू देत नाही. तिला गोडाऊनला मीच पाठवत होते.’

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

नमस्कार.

तुमच्या पत्राची शेवटची ओळ मी आधी घेते. फ्लोअरवर मीडियम साइज संपली की कुणाला तरी माल आणायला पाठवावंच लागतं, आणि नव्या पोरींना त्या खेपा जास्त पडतात, हे सगळ्याच दुकानांत चालतं. तुम्हाला माहीत नव्हतं तोवर त्यात तुमचा दोष नव्हता. पण तिने सांगितलं त्या रात्रीपासून तुमच्या हातातल्या ड्यूटी चार्टचा अर्थ बदलला. स्टोअर मॅनेजर काय म्हणाले, कंपनी काय म्हणेल, एजन्सी काय करेल, हे तुम्ही सविस्तर लिहिलंत. या तीन आठवड्यांत ती पुन्हा किती वेळा त्या गोडाऊनमध्ये गेली, हे मात्र पत्रात कुठेच नाही. वाचताना मी तेच शोधत होते.

म्हणून बाकी काहीही ठरायच्या आधी उद्याचा चार्ट बदला. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, ते तुमचंच काम आहे. फक्त एक सांभाळा. तिला एकटीला उचलून ट्रायल रूमपाशी उभं करू नका. प्रमोटरच्या पोरीचा महिना विक्रीवर चालतो, रॅकपासून दूर केलंत तर तिचा इन्सेंटिव्ह बुडेल आणि ‘हिचं काय झालं’ अशी कुजबुजही सुरू होईल. त्यापेक्षा सगळ्यांसाठीच नियम करा: गोडाऊनमध्ये एकट्याने कुणी जायचं नाही, दोघांनी जायचं, नाहीतर मालाची चिठ्ठी आत द्यायची आणि माल दारापर्यंत मागवायचा. सेलमध्ये दहा मिनिटं जास्त जातील. जाऊ द्या.

आता शब्दाचं बघू. तिने ‘कुणाला सांगू नका’ म्हटलं आणि तुम्ही ते पाळायचं की मोडायचं याचा विचार करताय. पण मला वाटतं, या वाक्यात दोन-तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत आणि त्या सुट्या करून बघायला हव्यात. घरी कळू नये, ही एक. नोकरी जाऊ नये, ही दुसरी. दुकानात बोटं रोखली जाऊ नयेत, ही तिसरी. ‘त्याला काही होऊ नये’ किंवा ‘हे असंच चालू राहू दे’ असं ती म्हणालेली नाही. तिला ते हवं असतं तर सव्वादहाची गाडी चुकवून ती तुमच्यापाशी थांबलीच नसती. ‘कुणाला सांगू नका’ म्हणत तिने तुम्हाला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायचं होतं. एकोणीस वर्षांच्या मुलीला अशा वेळी दोनच रस्ते माहीत असतात: गप्प बसणं, नाहीतर सगळा गाव गोळा होणं. मधला एखादा रस्ता आहे हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. रस्ते दाखवायच्या आधीच तिने काय निवडलं असं धरून चालणं, हा तिच्यावर अन्याय होईल.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलते, रागावू नका. तुमचा शब्द अर्धा मोडून झालेला आहे. नाव घेतलं नाहीत हे खरं, पण मॅनेजरांनी ओळखलं. हेतू चांगला होता, पण तिला विचारल्याशिवाय गेलात. हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या. ‘मी मॅनेजरसरांशी बोलले, तुला न विचारता बोलले, ते चुकलं’ एवढं म्हणा. ती चिडली तर चिडू दे. पुढचा विश्वास त्यावरच उभा राहणार आहे.

‘ती आपली स्टाफच नाही’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की त्याचं उत्तर मला तोंडपाठ झालंय. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली जो कायदा झाला, ज्याला सगळे पॉश म्हणतात, त्यात कर्मचारी कोण याची व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे. कायम, हंगामी, रोजंदारीवर, ठेकेदाराकडून किंवा एजन्सीमार्फत आलेली, ट्रेनी, प्रोबेशनवरची, सगळ्या त्यात येतात. मूळ मालकाला ती कामावर आहे हे ठाऊक नसलं तरी येतात. त्याहून पुढची गोष्ट अशी की तक्रार करणारी बाई त्या ठिकाणी नोकरीला असलीच पाहिजे असंही नाही. उद्या एखाद्या गिऱ्हाईक बाईला तुमच्या स्टाफने त्रास दिला तर तीही तुमच्याच समितीकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकायला कंपनीने नेमायच्या अंतर्गत समितीकडे, येऊ शकते. इथे तर माणूस तुमच्या कंपनीचा आहे, जागा तुमच्या कंपनीची आहे. एजन्सीकडे बोट दाखवायला जागाच उरत नाही. उलट परिस्थितीतल्या वाचकांसाठीही सांगते. त्रास देणारा दुसऱ्या कंपनीचा असेल, माल घेऊन येणारा असेल किंवा मॉलचा गार्ड असेल, तरी बाईला स्वतःच्या कामाच्या ठिकाणच्या समितीकडे जाता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये सांगितलं आहे.

हा कायदा कुठून आला तेही जाता जाता सांगते, कारण ‘असली प्रकरणं ऑफिसातल्या मॅडम लोकांची’ असा समज दुकानांत फार आहे. राजस्थानात भटेरी गावात भंवरीदेवी नावाची एक साथीण होती, सरकारी योजनेत तुटपुंज्या मानधनावर काम करणारी. बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून काही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ साली कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखायचे नियम घालून देणारा ‘विशाखा’ निकाल आला. तो निकाल कुणी पाळत नाही म्हणून पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी न्यायालयाला पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली आणि २०१२ साली तिचाही निकाल लागला. म्हणजे या कायद्याच्या मुळाशी सगळ्यात खालच्या पायरीवर काम करणारी बाई आहे. तुमची प्रमोटर त्याच पायरीवर उभी आहे.

बदलीबद्दल तुम्ही विचारलंत. तुम्हाला ती दया वाटते. मला नकाशा दिसतो. टिटवाळ्याहून ठाणे ही एक सरळ गाडी आहे. बोरिवली म्हणजे दादरला उतरून पूल ओलांडून वेस्टर्नची गाडी, आणि रात्री दुकान बंद करून तोच सगळा प्रवास उलटा. महिनाभरात ती मुलगी स्वतःहून राजीनामा देईल आणि एजन्सीच्या वहीत लिहिलं जाईल, ‘घरगुती कारण’. इनचार्ज तिथेच राहील आणि पुढच्या सेलला नवी पोरगी गोडाऊनला जाईल. कायद्यात बदली आहे, पण कशी ते बघा. चौकशी चालू असताना मुलीने लेखी मागणी केली तर समिती तिची किंवा त्याची बदली सुचवू शकते, तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा देऊ शकते, तिच्या कामाचा अहवाल त्याने लिहू नये असं सांगू शकते. तिने मागितलं तर. मॅनेजरांना सोयीचं वाटलं म्हणून नाही. तक्रार केल्यामुळे नोकरीवर गदा येईल असं सुचवणं, वातावरण नकोसं करणं, हेही कायद्याच्या दृष्टीने छळातच येऊ शकतं. हे तुमच्या मॅनेजरांना माहीत नसेल. शांतपणे सांगा, शक्यतो मेलवर.

इथे एक आडवाटेची गोष्ट. ती क्लोजिंगनंतर थांबली होती म्हणता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडायची गाडीही लागते. सेलच्या दिवसांत किती मुलींना ती मिळते, तुम्हीच सांगा. हा विषय तुम्ही कुणाचंही नाव न घेता मीटिंगमध्ये काढू शकता, आणि काढायला हवा.

आता तुमच्या सगळ्यात अवघड प्रश्नाकडे येते. खरं काय ते मी कसं ठरवू? ताई, ते तुम्ही ठरवायचंच नाही. हा भार तुमच्यावर कुणी टाकलेला नाही, तुम्ही तो स्वतःहून उचललाय आणि त्याखाली तीन आठवडे गेले. त्याने तुमच्याशी कधी वाकडं वर्तन केलं नाही, हे मला अगदी खरं वाटतं. तुम्ही त्याच्या वरच्या आहात, चौदा वर्षांच्या अनुभवी आहात, तुमच्या एका शब्दावर त्याची सुट्टी अडू शकते. असा माणूस हात लावताना समोरच्याच्या गळ्यातलं ओळखपत्र बघतो. एजन्सीचं असेल तर हात पुढे जातो. म्हणून तुमचा अनुभव तिच्याविरुद्धचा पुरावा ठरत नाही. दोन मुली असणं हाही कुठल्याच बाजूचा पुरावा नाही.

पुराव्याबद्दल मी पाहिलेली एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी एका दुकानाच्या समितीवर मी बाहेरची सदस्य होते. बिलिंग काउंटरवरची मुलगी समोर बसली होती. ‘पुरावा आहे का’ असं कुणीतरी विचारलं तेव्हा तिने पर्समधून सात-आठ जुनी, रद्द झालेली बिलं काढली. प्रत्येकाच्या मागे पेनाने एकेक ओळ: ‘आज लिफ्टमध्ये.’ ‘आज परत, निळा शर्ट.’ ‘आज काही नाही.’ त्या ‘आज काही नाही’ने माझ्या पोटात कालवलं. दुसऱ्या बाजूला छापलेलं जवळपास उडून गेलं होतं, तो थर्मल कागद असतोच तसा. पण दोन बिलांवर नंबर पुसट दिसत होते. त्यावरून बिलिंगच्या सिस्टीममधून तारीख आणि वेळ निघाली. त्या वेळी काउंटरवर कुणाचं लॉग-इन होतं, लिफ्टने माल वर नेल्याची नोंद कुणाच्या सहीची, हजेरीच्या मशीनवर कोण आत होतं, हे एकेक करून ठेवत गेलो तशी तिची वाक्यं जागच्या जागी बसत गेली. लिफ्टमध्ये कॅमेरा नव्हताच.

दुकान ही अशी जागा आहे जिथे प्रत्येक शर्ट कुठून कुठे गेला याची नोंद असते. तुमच्या गोडाऊनच्या आत कॅमेरा नसेल, पण त्याच्या दाराकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये आहे का? कोण कधी आत गेलं, मागून कोण गेलं, दार किती वेळाने उघडलं, एवढं दिसलं तरी पुष्कळ. मात्र हे चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तीन आठवडे आधीच गेलेत. तक्रार झाली की ते जपून ठेवायला समितीने लगेच लेखी कळवायला हवं. मेसेज तर तिच्या फोनमध्येच आहेत. चिडून किंवा घाबरून ते पुसू नकोस, नंबर ब्लॉक करायच्या आधी तारखेसकट स्क्रीनशॉट काढून स्वतःच्या मेलवर ठेव, आणि मैत्रिणींना पुढे पाठवू नकोस, असं तिला सांगा. समितीला फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. कोणाची बाजू जास्त संभवते, हे सगळं जुळवून बघायचं असतं. साक्षीदार नसला तरी तिचं स्वतःचं म्हणणं हीदेखील साक्षच आहे.

पण समिती आहे का? दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी ती असावी लागते. कंपनीची कार्यालयं वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर एकट्या हेड ऑफिसच्या समितीवर भागत नाही. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या बायका, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेची. त्यांची नावं आणि या गुन्ह्याचे परिणाम दर्शनी जागी लावलेले असले पाहिजेत. उद्या जेवणाच्या सुट्टीत स्टाफ रूमच्या भिंतीकडे बघा. टार्गेटचा तक्ता असेल, आग लागल्यावर काय करावं ते असेल. हा कागद आहे का? नसेल तर एचआरला विचारा. ती तुमची साधी चौकशी आहे, त्यात कुणाचंच नाव येत नाही. समितीच नेमली नसेल तर मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि पुन्हा तेच केलं तर दुप्पट.

तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. अडचण पटली तर समिती कारण लिहून आणखी तीन महिने देऊ शकते. रात्रीचा प्रत्येक मेसेज हीही घटनाच आहे. अर्ज मराठीत, तिच्या भाषेत, तिच्या अक्षरात चालतो. लिहायला जमत नसेल तर अध्यक्षांनी किंवा समितीच्या सदस्याने तिला मदत करायची, हे कायद्यातच आहे. नियमाप्रमाणे सहा प्रती लागतात, झेरॉक्सचे पैसे तुम्ही द्या. आणि तुमच्या कामाची एक तरतूद: काही कारणाने तिला स्वतःला तक्रार देता येत नसेल, तर तिच्या लेखी संमतीने घटना माहीत असलेली कुणीही व्यक्ती ती देऊ शकते. ती व्यक्ती तुम्ही होऊ शकता.

पुढे सात कामाच्या दिवसांत तक्रारीची प्रत त्याला जाते, दहा कामाच्या दिवसांत त्याने उत्तर द्यायचं, नव्वद दिवसांत चौकशी पुरी करायची. वकील दोघांपैकी कुणालाच आणता येत नाही. आणि घर? तक्रारदाराचं नाव, पत्ता, चौकशीत काय झालं, यातलं काहीही बाहेर फोडायला मनाई आहे. समितीने तिच्या घरी फोन करावा असं कुठेही नाही. तिला ज्याची भीती सगळ्यात जास्त आहे, ते तिने ठरवल्याशिवाय व्हायला नको, हे तिला ठामपणे सांगा. मात्र ‘कुणालाच कधी कळणार नाही’ असं वचन देऊ नका. दुकानात भिंतींना कान असतात, आणि त्याच्या हातात तिच्या नावाची प्रत जाणारच आहे.

तिला फक्त त्याने थांबावं असं वाटत असेल, तर चौकशीआधी समेट हाही मार्ग आहे. मी त्याबद्दल सावध असते, पण तो नाकारत नाही. समेट फक्त मुलीच्या मागणीवरून होतो आणि त्यात पैशांची देवघेव चालत नाही. ‘लेखी माफी, गोडाऊनच्या पाळ्या बदलणे, पुन्हा मेसेज नाही’ असं ठरून ते कागदावर आलं तर काही मुलींना तेवढं पुरतं. फक्त स्टोअर मॅनेजरांच्या केबिनमध्ये दोघांना समोरासमोर उभं करून ‘चल, सॉरी म्हण’ हा समेट नव्हे. तसा प्रकार कुणी ठरवला तर तुम्ही दार अडवा.

त्या माणसाबद्दलही लिहायला हवं. अकरा वर्षांची नोकरी आहे. त्याचं म्हणणं नीट ऐकून घेतलं जाणं हा त्याचा हक्क आहे, आणि तिच्याही भल्याचं आहे. गोव्यातल्या एका विद्यापीठाच्या प्रकरणात समितीने सुनावण्या घाईघाईने उरकल्या, समोरच्याला पुरेशी संधी दिली नाही, म्हणून मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीचा आदेश रद्द करून चौकशी पुन्हा समितीकडे पाठवली. त्या मुलींना इतक्या वर्षांनी काय वाटलं असेल, याचा विचार मनातून जात नाही. तेव्हा दुकानात त्याला परस्पर झापू नका, कुणाकरवी ‘समज’ देऊ नका. तो सावध होईल, पोरं बाजू घेतील, आणि खरी चौकशी सुरू व्हायच्या आधीच नासेल. खोट्या तक्रारीची भीती तुम्हाला कुणी घातली तर त्याचंही उत्तर कायद्यात आहे: जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचं चौकशीत सिद्ध झालं तरच कारवाई. नुसतं सिद्ध करता आलं नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. मुलीला हे आवर्जून सांगा, कारण बहुतेक पोरी याच भीतीने मागे फिरतात.

हात लावणं, वाट अडवणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हाही आहे, म्हणजे पोलिसांचा रस्ता वेगळा उघडा आहे. समिती निवडली म्हणून तो बंद होत नाही, आणि ती पोलिसांत जायचं म्हणाली तर तिला मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे. पण त्या रस्त्यावर कुणी ढकलू नये, ती सज्ञान आहे. तुमच्यासारख्याच हुद्द्यावर असलेल्या इतर वाचकांनी मात्र आधी मुलीचं वय विचारावं. अठराच्या आत असेल तर पॉक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागतो, आणि मग पोलिसांना कळवायचं की नाही हा प्रश्नच राहत नाही, कळवावंच लागतं. मोफत वकील बाईला उत्पन्न न बघता मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० वर फोन करून. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे.

लक्ष्मी रोडच्या साडीच्या दुकानातून, गल्लीतल्या मोबाइल शॉपीतून मला पत्रं येतात: ‘आम्ही चौघंच आहोत आणि त्रास शेठकडूनच आहे.’ दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारलं की तिचा पत्ता मिळतो. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार देता येते. आणि त्रास गिऱ्हाइकाचा असेल, ट्रायल रूमच्या दाराशी, बिलावरचा नंबर घेऊन, तर ‘कस्टमर आहे, सांभाळून घे’ हे मॅनेजरचं उत्तर चालणार नाही. दुकानात येणाऱ्या बाहेरच्यांपासूनही स्टाफला सुरक्षित ठेवणं हे मालकाच्या कर्तव्यात लिहिलेलं आहे.

समजा, हे सगळं ऐकून ती ‘नाही’ म्हणाली. मग ते ‘नाही’ माना. तिने तुम्हाला काय सांगितलं, कुठल्या तारखेला, कुठे उभं राहून, हे तुमच्या स्वतःच्या वहीत आज लिहून ठेवा आणि वही घरी ठेवा. मत लिहू नका, तिचे शब्द लिहा. तीन महिन्यांची तारीख तिला सांगून ठेवा आणि त्याआधी एकदा पुन्हा विचारा. जोडीने गोडाऊनला जायचा नियम चालू ठेवा. समितीच्या बाहेरच्या सदस्याला बोलावून सगळ्या स्टाफसाठी, पुरुषांसकट, एक तास ठेवा. आणि दुकानातल्या जुन्या मुलींशी सहज बोलता बोलता ऐका. असा माणूस एकीवर थांबलेला मी फारसा पाहिलेला नाही. दुसरी कुणी बोलली, तर दोघींना एकमेकींचं नाव तुम्ही सांगायचं नाही, पण ‘तू एकटी नाहीस’ एवढं सांगता येईल.

तुमच्यावरही दबाव येईल. अप्रेझलच्या वेळी ‘टीम सांभाळता येत नाही’ असं ऐकवतील. म्हणून मॅनेजरांशी यापुढे जे बोलाल त्याची दोन ओळींची मेल त्याच दिवशी करा: ‘आज आपलं बोलणं झालं, आपण असं असं सुचवलंत, मी समितीकडे जाण्याबद्दल विचारलं.’ मुलीचं नाव त्यात घालू नका.

उद्या तिला काय म्हणू, असं तुम्हाला वाटत असेल. क्लोजिंगला नको, तेव्हा तिचं लक्ष गाडीकडे असतं. सकाळी, शटर वर जायच्या आधी, जिथून गोडाऊनचं दार दिसणार नाही अशा ठिकाणी तिला बसवा. तुम्हीही बसा, उभ्याने बोलू नका. म्हणा: ‘तू सांगितलंस ते मी विसरलेले नाही. मी तुला न विचारता सरांशी बोलले, त्याबद्दल सॉरी. आजपासून गोडाऊनला एकटीने जायचं नाही, कुणीच नाही. बोरिवलीचं कुणी काही म्हणालं तर तू हो म्हणायची गरज नाही. काय काय करता येतं ते मी तुला सांगते, मग तू घरी जा, दोन दिवस विचार कर. जे ठरवशील त्यात मी बरोबर येईन, समितीच्या दारापर्यंत येईन.’ मग थांबा. ती रडेल, नाहीतर एकदम कामाचंच काही विचारेल. घाई करू नका. आणि त्या दिवशी पहिली खेप गोडाऊनला कुणीतरी नेणारच असेल, तर सोबत तुम्ही जा.